वयाचा दाखला : व्हिक्टोरियाकालीन महाराष्ट्रातील बालपण आणि डॉक्टर

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुलांचे जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट उभा राहतो. लंडनमधील अनाथालये, धुराड्यांत शिरून काजळी खरवडणारी पोरे, कोळशाच्या खाणीत गाड्या ओढणारी मुले ही चित्रे आपल्या परिचयाची आहेत. परंतु २० जून १८३७ रोजी गादीवर आलेल्या आणि २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तलेल्या या राणीच्या प्रजेत मुंबई, पुणे, नगर, नाशिक येथील मुलेही होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. परळच्या गिरणीत जाणारा मुलगा, नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेली कल्याणची मुलगी, दुष्काळी कामावर आईबापांबरोबर खडी उचलणारे सोलापूरकडचे पोर, ही सारी व्हिक्टोरियाकालीन मुलेच होत.

या मुलांवर समाजसुधारणेच्या दृष्टीने मराठीत विपुल लेखन झालेले आहे. प्रस्तुत लेखात मला एका वेगळ्या आणि आपल्या व्यवसायाला जवळच्या बाजूने त्यांच्याकडे पाहावयाचे आहे. या मुलांसंबंधीचा प्रत्येक वाद, प्रत्येक कायदा आणि प्रत्येक खटला शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबत असे : या मुलाचे, या मुलीचे वय किती? आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ज्याला बोलावले जाई, तो डॉक्टर असे. मुलाचे बालपण संपले की नाही, हे ठरविण्याचे काम त्या काळात प्रथमच वैद्यकाच्या हाती आले. ते अद्यापही आपल्या हातून सुटलेले नाही.

वय मोजण्याची गरज

आपल्याकडे वय मोजले जात नव्हते, असे नाही. ज्या घरांत जोशीबुवांकडून पत्रिका करून घेण्याची चाल होती, तेथे जन्माची तिथी, घटका आणि पळेही लिहिलेली असत. पण अशी घरे थोडी. इतरांचे वय एखाद्या मोठ्या घटनेला बांधलेले असे. ‘थोरल्या दुष्काळात झाला’, ‘पूर आला त्या साली’, पुढे ‘प्लेगच्या वर्षी’ अशी ती मोजणी. एवढ्यावर गावगाडा सुखेनैव चालत असे, कारण तेथे कोणाला नेमक्या वयाची गरजच पडत नसे. मुलगा नांगर धरू लागला की तो मोठा झाला आणि मुलगी सासरी गेली की तीही मोठी झाली.

नेमक्या वयाची गरज निर्माण केली ती कारखान्याने आणि कायद्याने. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने रेशमाच्या गिरण्या वगळता अन्य कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली, आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. मात्र मूल नऊ वर्षांचे आहे, हे ओळखावयाचे कसे? सरकारी जन्मनोंदणी तेथे सुरू झाली ती १ जुलै १८३७ रोजी, म्हणजे राणी गादीवर आल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी. तोपर्यंत चर्चमधील नामकरणाच्या नोंदी काय त्या आधाराला. म्हणून कायद्याने सर्जनला सांगितले की, मुलाची ताकद आणि ठेवण सामान्यतः नऊ वर्षांच्या मुलासारखी आहे, एवढे पाहून दाखला द्यावा. म्हणजे वय नव्हे, तर वयाचा भास प्रमाणित करावयाचा! ज्याला पोराच्या मजुरीची गरज आहे तो बाप आणि ज्याला स्वस्त हात हवे आहेत तो मालक, या दोघांचाही कल एकाच बाजूला असे. मुलाच्या बाजूने बोलणारा तेथे कोणीच नव्हता.

अशा वेळी १८३७ साली एडविन सॉन्डर्स या लंडनच्या दंतवैद्याने ‘दात हीच वयाची कसोटी’ अशा आशयाची एक पुस्तिका पार्लमेंटपुढे ठेवली. हजाराहून अधिक मुलांचे दात तपासून त्याने दाखवून दिले की, वय ओळखण्यास उंचीपेक्षा दात अधिक विश्वासार्ह आहेत. उपासमारीने उंची खुंटते, पण पक्क्या दाढा बऱ्याच अंशी आपल्या वेळेवर येतात, हे त्या प्रतिपादनामागील तत्त्व आजही आपण मान्य करतो. हेच सॉन्डर्स पुढे राणीचे दंतवैद्य झाले आणि १८८३ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. दातांवरून वय ठरविण्याच्या न्यायवैद्यकीय परीक्षेचा आरंभ गिरणीत राबणाऱ्या मुलांपासून झाला, ही गोष्ट दंतवैद्यक शिकणाऱ्या आपल्या तरुण मित्रांना कदाचित नवी वाटेल.

गिरणीतील मुले

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढील दोन दशकांत गिरण्यांची धुरांडी वाढली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून माणसे मुंबईला लोटली. त्यांच्यासोबत त्यांची मुलेही गिरणीत गेली. साच्यावरील भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या चढविणे, तुटलेले सूत सांधणे, यंत्राखालचा कापूस झाडणे ही कामे लहान बोटांची आणि लहान शरीराची समजली जात. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले, त्यामुळे उन्हाळ्यात कामाचे तास अर्थातच वाढत. याहून लहान, तान्ही मुले घरी राहत आणि गिरणीवर जाणाऱ्या आया त्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवीत. इंग्लंडातील गिरणीकामगारांच्या घरी याच कामासाठी ‘गॉडफ्रेज् कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित सरबत असे. दोन देशांतील दोन आया, पण बाळाला पाजावयाचे ते एकच.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा मँचेस्टरच्या मालकांना सलू लागली होती आणि कायद्यामागे त्यांचा रेटा होता, हे खरेच. मुलांची कणव त्यात किती आणि धंद्याचा हिशेब किती, याविषयी त्या काळीही शंका घेतल्या गेल्या. या कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांत सात वर्षांखालील मुलांना मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरविल्या. १८९१ च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांचे कारखाने कक्षेत आणले, किमान वय नऊ केले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले.

दरम्यान नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. आज आपले दवाखाने रविवारी बंद असतात तेव्हा त्यामागे या माणसाचेही श्रेय आहे.

१८८१ च्या कायद्याने एक नवे पद निर्माण केले, ते ‘सर्टिफाइंग सर्जन’चे. मुलाला तपासून त्याच्या वयाचा दाखला देणे हे या सर्जनचे काम. आता या सर्जनच्या जागी आपण स्वतःला उभे करून पाहावे. समोर एक हडकुळा मुलगा उभा आहे. त्याला आपले वय ठाऊक नाही. बाप सांगतो ते गिरणीच्या सोयीचे. जन्माची नोंद नाही. क्ष-किरणांचा शोध लागण्यास १८९५ साल उजाडावयाचे आहे. हाताशी आहेत ते फक्त मुलाचे दात, उंची आणि चेहरा. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास आणि दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. सात आणि बारा या कायद्याच्या दोन्ही मर्यादा या दोन दाढांच्या अगदी निकट आहेत. त्या मुलाने तोंड उघडले की त्याचे पुढचे काही वर्षांचे आयुष्य ठरत असे : घरी जावयाचे, नऊ तास राबावयाचे, की मोठ्या माणसाप्रमाणे दिवसभर.

दहा, बारा की वीस?

मुलग्याचे बालपण गिरणीच्या दारात ठरले, तर मुलीचे ठरले ते लग्नाच्या प्रश्नात. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे किमान वय दहा वर्षे ठेवले होते आणि ते विवाहितेलाही लागू होते.

१८७१ साली ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी देशातील नामांकित डॉक्टरांना पत्रे पाठवून विचारले, मुलीच्या विवाहाचे योग्य वय कोणते? माझ्या मते आपल्या वैद्यकीय इतिहासातील हा एक महत्त्वाचा प्रसंग आहे. धर्मशास्त्राला नव्हे, रूढीलाही नव्हे, तर शरीरशास्त्राला हा प्रश्न प्रथमच असा उघडपणे विचारला गेला. बहुतेकांची उत्तरे चौदा ते सोळा या दरम्यान होती. कलकत्त्याच्या डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी सोळा सांगितले. सर्वांत वरचा आकडा मुंबईहून आला. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांनी वीस वर्षे हे वय सुचविले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक, १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे, पुढे मुंबईचे शेरीफ झालेले हे मराठी डॉक्टर. ज्या समाजात आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न राहिले तर शेजारपाजार बोटे मोडीत असे, त्या समाजात राहून त्यांनी आपल्या नावानिशी वीस हा आकडा लिहून दिला. या पत्रव्यवहाराच्या पार्श्वभूमीवर १८७२ चा विवाह कायदा झाला. त्यात मुलीचे किमान वय चौदा ठरले, पण तो स्वेच्छेने त्याखाली विवाह करणाऱ्यांपुरताच होता. सर्वसामान्य घरांतील मुलींना त्याचा स्पर्शही झाला नाही.

त्या मुलींचे काय होत असे, याची दोन उदाहरणे आपल्या व्यवसायातीलच आहेत. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या विषयाने त्यांचे स्वतःचे मूल हिरावून नेले, तोच त्यांनी अभ्यासाला घेतला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

दुसऱ्या रखमाबाई. जन्म १८६४, विवाह अकराव्या वर्षी. वनस्पतिशास्त्राचेही जाणकार असलेले डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांचे सावत्र वडील. रखमाबाई माहेरीच राहून वाचू-लिहू लागल्या आणि पुढे पतीच्या घरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली पतीने दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात जिचे लग्न लावून दिले, तिला मोठेपणी इच्छेविरुद्ध नांदावयास धाडणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. १८८७ मध्ये हा निर्णय फिरला आणि नांदावयास जा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या खटल्याने विचारलेला प्रश्न वयाचाच होता : अकराव्या वर्षीचे मौन म्हणजे संमती काय?

याचे भीषण उत्तर कलकत्त्याहून आले. फुलमणी दासी ही मुलगी पतीने केलेल्या संभोगात रक्तस्राव होऊन मृत्यू पावली. खटल्यात तिचे वय दहा वर्षे उलटून गेलेले धरले गेले आणि त्यामुळे बलात्काराचे कलम लागू पडले नाही. निष्काळजीपणाच्या कृत्याबद्दल पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या मुलीचे शरीर संभोगास समर्थ नव्हते, हे शवविच्छेदनाच्या टेबलावर स्पष्ट दिसत होते. परंतु कायद्याला शरीर दिसत नव्हते, आकडा दिसत होता, आणि तो काही महिन्यांनी पुढे गेलेला होता.

या प्रकरणानंतर हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या पाहण्यातील बालपत्नींच्या दुखापतींची आणि मृत्यूंची माहिती देऊन सरकारकडे अर्ज केला. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून हा विषय लावून धरलेला होताच. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि दहाचे बारा झाले.

महाराष्ट्रात या कायद्यावरून उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून कायद्याचे समर्थन केले. न्यायमूर्ती रानडे, न्यायमूर्ती तेलंग आणि ‘सुधारक’कार आगरकर त्याच बाजूला होते. लोकमान्य टिळकांनी विरोध केला तो परकीय सरकारने आमच्या धर्माचारात कायद्याने हात घालावा याला. समाजाने स्वतःहून मुलींचे लग्न सोळाव्या वर्षापूर्वी न करण्याचा निश्चय करावा, अशी सूचना त्यांनी १८९० मध्ये मांडली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण या गदारोळात एक व्यावहारिक प्रश्न मागे पडला. मुलगी अकराची की बाराची, हे सिद्ध कोण आणि कसे करणार? आईबाप सांगणार नाहीत, नोंद नाही आणि घरातील बंद दाराआडची गोष्ट न्यायालयापर्यंत येणार नाही. ऋतुप्राप्ती म्हणजे प्रौढत्व नव्हे, हे डॉक्टरांना पटले होते. त्याचा पुरावा मात्र त्यांच्याजवळही थोडाच होता.

आपल्या निझामी मराठवाड्यात तर हेही नव्हते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. गोदावरीच्या एका तीरावर नगर जिल्ह्यातील मुलगी बारा वर्षांपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मूल होती, समोरच्या तीरावरील मुलीला तो आधार नव्हता.

मोजदादीत नसलेली मुले

काही मुलांच्या वयाचा प्रश्न निर्माणच होत नसे, कारण त्यांना जगूच दिले जात नसे. विधवेला झालेले मूल हे त्यांपैकी एक. बालविवाहाच्या पोटी बालवैधव्य आणि त्याच्या पोटी ही लपविलेली बाळंतपणे. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे गुप्तपणे येऊन सुरक्षित प्रसूत व्हावे आणि मूल हवे तर ठेवून जावे, अशी सोय होती. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरातही असे गृह निघाले. अशाच एका विधवेचा यशवंत हा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याने रुग्णांची शुश्रूषा केली आणि आजारी मुलाला दवाखान्यात आणताना स्वतः संसर्ग होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. ज्या मुलाच्या जन्माची नोंद ठेवण्याऐवजी खूणही पुसून टाकावी असे समाजाला वाटत होते, तोच मुलगा त्या समाजाच्या उपयोगी पडला.

सरकारी कागदावर सर्वसामान्य मुलाची नोंद बहुधा होई ती देवीच्या निमित्ताने. हिंदुस्थानातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल हिला टोचली गेली आणि तिच्या दंडावरील लसीतून ती इतर मुलांना मिळाली. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी टोचणे सक्तीचे झाले. गावोगाव हिंडणाऱ्या देवीडॉक्टरांच्या भीतीने मुले लपवून ठेवल्याच्या गोष्टी आपण आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आहेत. तरीही मुलाला मोजणाऱ्या आणि त्याच मोजणीतून वाचविणाऱ्या शासनाचे ते पहिले रूप होते.

दात, हाडे आणि भूक

वयाचा अंदाज करण्यात सर्वांत मोठा अडथळा असतो तो भुकेचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील सोलापूर, विजापूर, सातारा, नगर हे भाग होरपळून निघाले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे धरून मजुरी घटविली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर शरीरश्रम होणे शक्य नाही, असे वैद्यकीय आधाराने बजावले. या दुष्काळात वाढलेली मुले पुढे १८८१ च्या कायद्याखाली सर्जनसमोर उभी राहिली असतील, तेव्हा त्यांची उंची पाहून कोणाला वय सांगता आले असेल?

आज आपण या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देऊ शकतो आणि त्यातील काही भाग आपल्या तारनाक्यातच सिद्ध झालेला आहे. कुन्नूर येथे १९१८ मध्ये सुरू झालेली पोषण संशोधन संस्था १९५८ साली हैदराबादला आली. आपण सारे तिला एन.आय.एन. म्हणून ओळखतो. हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांतील मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून तेथील संशोधकांनी १९८० च्या दशकात असे दाखविले की, लहानपणी कुपोषित राहिलेल्या मुलांची पौगंडावस्थेतील वाढीची झेप उशिरा येते आणि बालपणी पडलेली उंचीची तूट प्रौढपणीही पुरती भरून निघत नाही. बालमजुरीचा वाढीवर होणारा परिणामही त्यांनी याच संदर्भात अभ्यासला. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या त्या मुलाची हकीकत सुमारे शंभर वर्षांनी आपल्या शेजारच्या आवारात आकड्यांत उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

क्ष-किरणांमुळे हाडांची वाढ दिसू लागली. कलकत्त्याच्या गॅलस्टॉन यांनी १९३७ मध्ये भारतीयांमधील अस्थिविकासाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आपल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून तो अनेक पिढ्या शिकविला गेला. ग्रॉयलिक आणि पाइल यांचा हाताच्या क्ष-किरण चित्रांचा संग्रह १९५० चा, आणि तो सुस्थितीतील अमेरिकन मुलांवर आधारलेला. अर्धपोटी मुलाला त्या पट्टीने मोजले तर त्याचे वय कमी निघण्याचा संभव असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जयामाला खटल्यात म्हटले की, क्ष-किरण तपासणीने काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते. दोन वर्षे! दहा की बारा, सोळा की अठरा, एवढेच तर अंतर असते सगळ्या वादांत.

आजचा दाखला

आता विवाहाचे वय मुलीसाठी अठरा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिपेंडंट थॉट’ खटल्यात पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीबाबत पतीला असलेली सूट रद्द ठरविली. फुलमणीच्या खटल्यानंतर येथवर येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या उद्योगातील मदतीसारखे काही अपवाद वगळता, सर्व धंद्यांत मनाई झाली. तरीही जानेवारी २०१५ मध्ये आपल्याच शहराच्या जुन्या भागातील बांगड्यांच्या कारखान्यांतून पोलिसांनी दोनशेहून अधिक बालकामगारांची सुटका केली होती, हे विसरता येत नाही.

वय ठरविण्याचा क्रम बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये दिलेला आहे. प्रथम शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि ही दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. व्हिक्टोरियाच्या काळात डॉक्टर पहिला साक्षीदार होता, आता तो शेवटचा आहे. हे योग्यच झाले. पण शाळेचा दाखला तरी नेहमी निर्दोष असतो काय? महाराष्ट्रात १ जून हा जन्मदिवस असलेली माणसे किती आहेत, हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा सुरू होई, गुरुजी विचारीत ‘कधीचा?’, बाप म्हणे ‘असेल पाच-सहाचा’, आणि रजिस्टरात १ जून उमटे. या विषयावर हसू येते, पण त्या तारखेवर पुढे नोकरी, निवृत्ती आणि कधी कधी शिक्षाही अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी एक सुस्थितीतील गृहस्थ घरकामासाठी आणलेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिला अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला त्यांना हवा होता. “अंदाजे लिहा, डॉक्टर. अंगाने थोराड आहे,” असे ते म्हणाले. मुलीची दुसरी पक्की दाढ आलेली होती, त्यापुढे काही सांगणे मला अवघड वाटले. मुलीला एकटीला बसवून विचारले तेव्हा ती म्हणाली, “वय माहीत नाही. पण सातवीत असताना शाळा सुटली, ती मागच्या दिवाळीत.” गाव नांदेड जिल्ह्यातील. मराठीतून चौकशी करणे मला सोपे गेले. शाळेचे मुख्याध्यापक फोनवर भेटले, त्यांनी रजिस्टर काढले आणि मुलीला चौदावे लागले असल्याचे सांगितले. मी दाखला दिला नाही आणि बालकल्याण समितीला कळविले. ते गृहस्थ पुन्हा माझ्या दवाखान्यात आले नाहीत. मुलगी गावी परत गेली आणि शाळेत बसू लागली, एवढे पुढे समजले. एका फोनने जे काम झाले ते कोणत्याही क्ष-किरण चित्राने झाले नसते.

यास्तव माझ्या सहव्यावसायिकांना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. वयाचा दाखला ही किरकोळ बाब समजून कोणाच्या शब्दाखातर देऊ नये. कागद नसेल तर प्रथम कागद शोधावयास सांगावे, आणि मुलाला पालकांपासून वा मालकापासून वेगळे बसवून त्याला स्वतःला विचारावे. तपासणी करावीच लागली तर एकच आकडा न लिहिता वयाची मर्यादा लिहावी आणि ती कोणत्या चिन्हांवरून काढली, तेही नोंदवावे. मूल कुपोषित असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे. अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याचे लक्षात आल्यास पोलिसांना कळविणे पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, ही जाणीव आपल्या परिचारिकांना आणि सहायकांनाही करून द्यावी.

मंडळाच्या वैद्यकेतर सभासदांसाठीही एक विनंती आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आधार मानला जातो. आपल्या घरच्या मुलांचे दाखले आपण काढतोच. पण आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या, इमारतीच्या रखवालदाराच्या, रस्त्यापलीकडे बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबाच्या बाळाचा जन्मदाखला निघाला आहे काय, हे एकदा अवश्य विचारावे. नसेल तर अर्ज भरून द्यावा, महापालिकेच्या कार्यालयात सोबत जावे.

डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८७१ साली वीस हा आकडा लिहिला तेव्हा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. आपल्या पाठीशी आज कायदे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी कोणी दाखल्याचा कागद आपल्यापुढे सरकवील, तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी आपण समोर उभ्या असलेल्या मुलाकडे नीट पाहावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.